हिवाळी पर्वतप्रदेशातील हिमस्खलनाचा धोका : हिमथरांची रचना, कारणे आणि महाविद्यालयांची जबाबदारी

सारांश

खानदेशात हिमवर्षाव होत नाही. तथापि येथील तरुण सैन्यातील सेवा, गिर्यारोहणाचे प्रशिक्षण व पर्यटन या निमित्तांनी हिवाळ्यात हिमालयात जातात. त्यांच्यापैकी बहुतेकांना बर्फाचा पूर्वानुभव नसतो. प्रस्तुत लेखात हिमस्खलन कसे घडते, हिमथरातील दुर्बल स्तर कसा तयार होतो, धोका कसा ओळखावा आणि विद्यार्थ्यांना अशा प्रदेशात पाठवताना महाविद्यालयाने कोणती दक्षता घ्यावी, यांचे विवेचन केले आहे.

प्रस्तावना

खानदेशातील माणसाला आकाशातून पडणारा बर्फ माहीत आहे तो गारांच्या रूपाने. गारपीट काही मिनिटांत संपते, शेतातील उभे पीक झोपवून जाते आणि गारा थोड्याच वेळात वितळतात. पडलेला बर्फ महिनोन्‌महिने जमिनीवर राहतो, त्यात थरावर थर चढत जातात आणि त्या थरांच्या आत सतत बदल घडत असतात, ही गोष्ट येथील अनुभवाच्या कक्षेबाहेरची आहे. हिमस्खलनाचा धोका मात्र नेमका या न दिसणाऱ्या बदलांत दडलेला असतो.

असे असले तरी या दोन प्रदेशांचे हिवाळे एकमेकांशी जोडलेले आहेत. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ डिसेंबर ते मार्च या काळात पश्चिम हिमालयात हिमवर्षाव घडवून आणतात. ते पुढे सरकल्यानंतर उत्तरेकडील थंड व कोरडे वारे दक्षिणेकडे वाहू लागतात आणि धुळे, जळगाव, नंदुरबार येथील किमान तापमान खाली येते. देवपूरमध्ये थंडीची लाट जाणवते, त्याच्या थोडे आधी काश्मीर, हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंड येथील एखाद्या उतारावर बर्फाचा नवा थर चढलेला असण्याची शक्यता बरीच असते.

महाराष्ट्राशी निगडित काही दुर्घटना

हिमस्खलन हा दूरच्या प्रदेशाचा प्रश्न आहे, असे महाराष्ट्राला म्हणता येणार नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीच्या प्रदेशात सुमारे १९,६०० फूट उंचीवरील सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड लोट कोसळला. त्यात मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतील दहा जण गाडले गेले. त्यांतील एक जवान सातारा जिल्ह्यातील होता. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड यांना ८ फेब्रुवारीला जिवंत बाहेर काढण्यात आले, परंतु ११ फेब्रुवारीला दिल्ली येथे त्यांचेही निधन झाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरमधील गुरेझ व माछिल या भागांत बर्फाखाली सापडून अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्यांत अकोला, परभणी, सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील जवानांचा समावेश होता.

सैनिकाला आपली चौकी सोडता येत नाही. त्याच्यासाठी हा धोका कर्तव्याचा भाग असतो. नागरी जीवनातील घटनांचे स्वरूप वेगळे आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमातील प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. या दुर्घटनेत २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील गंगटोक–नथू ला मार्गावर सात पर्यटकांचा मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजूर बर्फाखाली सापडले. त्यांपैकी ४६ जणांना वाचवण्यात यश आले, तर आठ जण दगावले.

प्रशिक्षणार्थी, पर्यटक आणि मजूर असे हे तीन वेगवेगळे गट आहेत. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की हिमस्खलनाचा धोका केवळ निष्णात गिर्यारोहकांपुरता मर्यादित नाही. उताराच्या पायथ्याशी उभी असलेली व्यक्तीही त्याच्या कक्षेत येते.

हिमथराची जडणघडण

वृत्तपत्रांतून अशा प्रसंगी 'हिमकडा कोसळला' असा शब्दप्रयोग केला जातो. काही वेळा तो अचूक असतो. हिमनदीच्या तुटक्या कडेवरून बर्फाचे अवजड खंड खरोखरच कोसळतात. परंतु हिवाळ्यातील बहुसंख्य प्राणघातक हिमस्खलनांत कडा कोसळत नाही. उतारावर साचलेल्या बर्फाचा एक थर त्याखालील थरावरून घसरतो. म्हणून या घटनेचे आकलन थरांपासूनच सुरू करावे लागते.

नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची घनता अत्यल्प असते. एका घनमीटरमध्ये साधारण ५० ते १०० किलोग्रॅम वस्तुमान असते, म्हणजेच त्यात बर्फापेक्षा हवाच अधिक असते. पुढे स्वतःच्या वजनाने, वाऱ्याने आणि तापमानातील बदलांनी हा थर दबतो. हिमकणांची टोके झिजतात, कण एकमेकांना चिकटतात आणि घनता दर घनमीटरला २०० ते ३०० किलोग्रॅमपर्यंत जाते. ही प्रक्रिया हिमथराला बळकटी देणारी आहे. हिमवर्षावानंतर काही दिवस थांबावे, या सर्वसामान्य सल्ल्यामागील शास्त्रीय कारण हेच होय.

तथापि काही परिस्थितींत याच्या उलट प्रक्रिया घडते. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान साधारणतः शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, तर वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे १५ किंवा उणे २० अंशांपर्यंत थंड होतो. थर पातळ असेल तर थोड्याच अंतरात तापमानाचा मोठा फरक निर्माण होतो. हा फरक दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशाहून अधिक झाला, की खालच्या उबदार भागातील बाष्प वर सरकून थंड कणांवर गोठू लागते. त्यातून कोनदार, मोठे व एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. हातात घेतल्यास ते जाड साखरेसारखे सुटून पडतात. या दुर्बल स्तरावर पुढील हिमवर्षावांचे थर चढत राहतात आणि वरून पाहणाऱ्यास त्याचा मागमूसही लागत नाही.

दुसरा दुर्बल स्तर पृष्ठभागावर जन्म घेतो. त्याचे एक दूरचे उदाहरण खानदेशाला परिचित आहे. सातपुड्यातील तोरणमाळ, डाब या उंचावरील भागांत कडाक्याच्या थंडीत गवतावरील दवबिंदू गोठल्याचे वृत्त अधूनमधून येत असते. निरभ्र आकाश, शांत हवा आणि पुरेसे बाष्प असलेल्या रात्री पृष्ठभाग उष्णता गमावून हवेपेक्षाही थंड होतो, हे त्यामागील कारण आहे. बर्फाळ प्रदेशात अशाच रात्री बाष्प पाण्याची अवस्था न घेता थेट गोठते आणि पिसांसारखे नाजूक, चमकदार स्फटिक पृष्ठभागावर उभे राहतात. यालाच दहिवर म्हणता येईल. सकाळच्या उन्हात हे दृश्य अतिशय सुंदर दिसते. मात्र त्यावर नवा बर्फ पडला, की हेच स्फटिक गाडले जाऊन उताराचा सर्वांत धोकादायक स्तर बनू शकतात. काल रात्रीचे निरभ्र आकाश काही आठवड्यांनंतरच्या दुर्घटनेचे कारण ठरू शकते, ते असे.

सुटे स्खलन आणि लादी-स्खलन

हिमस्खलनाचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात सुटा बर्फ एका बिंदूपासून घसरू लागतो आणि खाली पसरत जातो. वाळूच्या ढिगाऱ्यावरून वाळू घसरावी, तसे त्याचे स्वरूप असते. दुसऱ्या प्रकारात एकसंध झालेला वरचा थर फरशीच्या लादीप्रमाणे अखंडपणे सुटतो. मनुष्यहानीच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे.

हा प्रकार समजण्यासाठी एक साधी कल्पना उपयोगी पडेल. उतरत्या फळीवर बाजरीचे दाणे पसरून त्यावर जड फरशी ठेवली आहे आणि फरशी कडेच्या आधाराने कशीबशी टिकली आहे, असे मानावे. आता फरशीच्या मध्यभागी थोडासा दाब पडला तरी ती घसरेल. येथे फरशी म्हणजे वाऱ्याने किंवा वजनाने घट्ट झालेला थर आणि बाजरी म्हणजे दुर्बल स्तर. प्रत्यक्षात दुर्बल स्तर एका ठिकाणी मोडला, की ती मोड क्षणार्धात बाजूला पसरत जाते आणि शेकडो चौरस मीटरचा थर एकाच वेळी सुटतो. ज्याच्या पावलाने तो मोडला, ती व्यक्ती तोपर्यंत सुटलेल्या थराच्या मध्यभागी उभी असते. कोरड्या बर्फाचा असा लोट ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग गाठू शकतो.

यासंदर्भात एक निष्कर्ष विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील नोंदींनुसार हौशी पर्वतप्रवासातील प्राणघातक हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत स्खलनाला चालना देणारी व्यक्ती त्या गटातीलच असते. म्हणजे संकट गटावर येऊन आदळत नाही, गटच संकटावर पाऊल ठेवतो. ही बाब गंभीर असली तरी आशादायकही आहे, कारण ज्याची सुरुवात माणसाच्या निर्णयातून होते, ते निर्णयाने टाळताही येते.

उतार आणि भूरचना

बहुतेक लादी-स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात. याहून सौम्य उतारावर थर सहसा घसरत नाही आणि याहून फार तीव्र उतारावर बर्फ साचून राहत नाही, तो वारंवार थोडाथोडा गळून पडतो. ३० अंशांचा उतार म्हणजे साधारणपणे घरातील जिन्याचा चढ. निव्वळ नजरेने हा कोन ओळखता येत नाही. शालेय कोनमापकाला ओळंबा बांधून तयार केलेले साधे उपकरणही या कामी पुरेसे ठरते.

येथे सह्याद्रीतील अनुभव दिशाभूल करू शकतो. साल्हेर किंवा लळिंग किल्ल्यावर चढणाऱ्याला उघडा व विस्तीर्ण उतार सोपा वाटतो, कारण तेथे दृष्टिभय नसते. कड्यावरून वर जाण्यासाठी नाळेची वाट हा तर सह्याद्रीतील जुना मार्ग आहे. बर्फाळ पर्वतात हे दोन्ही संकेत उलटतात. उघडा, गुळगुळीत, झाडे नसलेला उतार ही स्खलनाच्या उगमाची जागा असते आणि नाळ हा त्याच्या वाहण्याचा मार्ग असतो. नाळेच्या तोंडाशी किंवा खोलगट भागात बर्फ साचून त्याची खोली वाढते, त्यामुळे छोटे स्खलनही तेथे माणसाला पूर्णपणे गाडू शकते. वाऱ्याच्या आडोशाची बाजू विश्रांतीसाठी सोयीची वाटते. परंतु वारा धारेपलीकडील बर्फ उचलून याच बाजूला आणून टाकतो आणि धारेवर पुढे झुकलेले हिमाचे छज्जे तयार करतो.

हिमालयातील प्रादेशिक भिन्नता

पश्चिम हिमालयात हिमथरांचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. पीरपंजाल रांगेसारख्या तुलनेने कमी उंचीच्या पट्ट्यात हिमवर्षाव भरपूर व तापमान सौम्य असते. तेथील बरीच स्खलने वादळाच्या काळात किंवा त्यानंतर लगेच घडतात आणि वसंतात ओल्या बर्फाची स्खलने वाढतात. मध्यवर्ती बृहद् हिमालयात थंडी अधिक असून दोन्ही प्रकारची लक्षणे आढळतात. काराकोरमसारख्या अतिउंच पट्ट्यात थर तुलनेने पातळ, कोरडा व अतिथंड असल्यामुळे साखरेसारखे दाणे तयार होण्यास अनुकूल परिस्थिती असते. तेथे वादळ सरून आकाश निवळले तरी धोका दीर्घकाळ टिकतो. म्हणूनच गुलमर्ग येथील अनुभव लडाखमध्ये जसाच्या तसा लागू करता येत नाही.

बदलत्या हवामानाचाही विचार आवश्यक आहे. पश्चिम हिमालयातील वृक्षांच्या वर्षवलयांवरील जखमांच्या आधारे केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्याच्या उत्तरार्धातील तापमानवाढीबरोबर तेथील स्खलनांचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसून आले. तापमान वाढले म्हणजे बर्फाचा धोका कमी होईल, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

धोक्याचे संकेत आणि पूर्वसूचना

निसर्ग बहुधा पूर्वसूचना देतो. जवळपासच्या उतारांवर झालेली ताजी स्खलने, पावलाबरोबर बर्फात धावत जाणाऱ्या भेगा, थर खचल्याचा पायाखालून येणारा पोकळ आवाज, गेल्या २४ तासांतील सुमारे ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक हिमवर्षाव, जोरदार वाऱ्याने वाहून आलेला बर्फ आणि तापमानात झालेली एकदम वाढ हे प्रमुख संकेत होत. यांपैकी एकही आढळल्यास तीव्र उतारावर जाणे टाळावे. बर्फात खड्डा खणून थरांची पाहणी करण्याची पद्धतही प्रचलित आहे. मात्र एका खड्ड्यावरून संपूर्ण उताराची खात्री देता येत नाही.

भारतात या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेची स्थापना झाली. २०२० मध्ये ती संस्था संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन करण्यात आली. हिमस्खलनाचे पूर्वानुमान देण्याचे कार्य या नव्या संस्थेकडे आहे. जगभर रूढ असलेल्या श्रेणीत धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: अल्प, मध्यम, लक्षणीय, उच्च आणि अत्युच्च. युरोपातील नोंदींत सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीच्या दिवसांत आढळतात. चौथ्या व पाचव्या पायरीला लोक घराबाहेर पडत नाहीत, तिसऱ्या पायरीला मात्र 'चालून जाईल' असे त्यांना वाटते.

मानवी घटक

हिमस्खलनात सापडलेले लोक अज्ञानीच असतात, असे नाही. अमेरिकेतील संशोधक इयान मॅकॅमन यांनी अनेक दुर्घटनांचा अभ्यास करून दाखवून दिले, की प्रशिक्षित व्यक्तीही काही ठरावीक मानसिक सापळ्यांत अडकतात. ओळखीचा उतार सुरक्षित वाटणे, ठरवलेला कार्यक्रम पूर्ण करण्याचा हट्ट, इतरांच्या पावलांचे ठसे पाहून निर्धास्त होणे आणि गटनेत्याच्या अधिकाराचे वलय ही त्यांतील काही उदाहरणे होत.

शेवटचा सापळा शिक्षणक्षेत्राने विशेष गांभीर्याने घ्यावा असा आहे. महाविद्यालयीन शिबिरात 'सर सांगतील तसे' ही शिस्त उपयुक्त मानली जाते आणि बहुतेक प्रसंगी ती असतेही. बर्फाळ उतारावर मात्र हीच शिस्त घातक ठरू शकते. शेवटच्या ओळीतील विद्यार्थ्याला पायाखालचा पोकळ आवाज ऐकू आला आणि सरांसमोर बोलण्याच्या संकोचाने तो गप्प राहिला, तर गटाला मिळालेली एकमेव सूचना वाया जाते. पैसे भरले आहेत, रजा संपत आली आहे, परतीचे आरक्षण झाले आहे, ही कारणे हिमथराच्या बळकटीत कोणताही फरक करत नाहीत.

बचावाचा अवधी

लोट थांबताच त्यातील बर्फ घट्ट आवळला जातो. पूर्णपणे गाडलेल्या व्यक्तीला हात हलवणेही सहसा शक्य होत नाही. मृत्यूचे मुख्य कारण थंडी नसून गुदमरणे हे होय. गाडल्यानंतर पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घसरते. त्यानंतर ज्यांच्या तोंडासमोर हवेची पोकळी राहिलेली असते, असे थोडेच जण तग धरतात. सियाचीनमधील लान्स नाईक कोप्पड यांचे पाच दिवसांनंतर जिवंत सापडणे किंवा माणा येथे पोलादी कंटेनरमधील मजुरांचा बचाव, या घटना या दृष्टीने पाहाव्या लागतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की बाहेरून येणारे बचावपथक कितीही तत्पर असले तरी बहुधा उशिराच पोहोचते. खरा बचाव सोबत्यांनाच करावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे व घेणारे शोधयंत्र, बर्फात खुपसण्याची घडीची सळई आणि फावडे या तीन वस्तू असणे आणि त्या वापरण्याचा सराव असणे आवश्यक आहे. तिघांपैकी एक वस्तू नसेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग फार थोडा उरतो. धोक्याचा उतार ओलांडणे अपरिहार्यच असेल, तर एका वेळी एकाच व्यक्तीने जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून तिच्यावर लक्ष ठेवावे, हा नियमही याच हेतूने आहे.

महाविद्यालयांची जबाबदारी

राष्ट्रीय छात्रसेनेचे छात्र हिमालयातील प्रशिक्षणासाठी निवडले जातात. याशिवाय खाजगी आयोजकांमार्फत हिवाळी पदभ्रमणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे गटही असतात. २०२० मध्ये रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून पूर्वी हिवाळ्यात तुटून राहणारे लाहौल खोरेही पर्यटकांच्या आवाक्यात आले आहे. अशा प्रवासाच्या परवानगीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी महाविद्यालयाने आयोजकाला काही प्रश्न लेखी विचारावेत.

१. मार्गावर ३० अंशांहून अधिक उताराचे टप्पे कोठे आहेत आणि मुक्कामाची जागा अशा उताराच्या पायथ्याशी तर नाही ना?
२. प्रस्थानापूर्वी व प्रवासात हिमस्खलनाचे पूर्वानुमान कोण पाहणार आहे?
३. कोणत्या परिस्थितीत मोहीम रद्द करावी अथवा परत फिरावे, हे आधीच ठरलेले आहे काय? परत फिरल्यास विद्यार्थ्यांवर आर्थिक भुर्दंड पडणार आहे काय?
४. शोधयंत्र, सळई व फावडे प्रत्येकास मिळणार आहे काय आणि त्यांचा सराव कधी होणार आहे?
५. धोका वाटल्यास कोणत्याही विद्यार्थ्याला गट थांबवण्याचा अधिकार आहे काय?

यांपैकी तिसरा व पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उपकरणे भाड्यानेही मिळतात, परत फिरण्याची मोकळीक मात्र आधीच मान्य करून ठेवावी लागते. विषयाच्या मांडणीत विविध विभागांना सहभागी होता येईल. भूगोल विभाग नकाशावरील समोच्च रेषांवरून उताराचे कोन काढण्याचे प्रात्यक्षिक घेऊ शकतो, भौतिकशास्त्र विभाग थरांतील उष्णतावहन समजावू शकतो आणि मानसशास्त्र विभाग गटातील निर्णयप्रक्रियेचा विचार मांडू शकतो.

समारोप

हिमस्खलन पूर्णपणे आकस्मिक नसते. त्याची तयारी आठवडेच्या आठवडे थरांत चाललेली असते आणि शेवटचा भार बहुधा माणसाच्या पावलाचा असतो. उतार, हिमथर आणि माणसाचा निर्णय या तीन घटकांपैकी पहिले दोन माणसाच्या हाती नाहीत. तिसरा आहे. सीमेवरील जवानाला तो पर्यायही नेहमी उपलब्ध नसतो. विद्यार्थ्याला तो असतो आणि तो वापरण्याचे धैर्य त्याला द्यावे लागते. शिखर न गाठता सुखरूप परतलेल्या गटाचे महाविद्यालयात यशस्वी गटाइतकेच स्वागत झाले, तर पुढच्या गटातील विद्यार्थ्याला योग्य वेळी 'थांबूया' असे म्हणणे सोपे जाईल.